जॅग्ड लिटल पिल: आधी १९९५चा ऐकायचा की २००५चा अकूस्टिक?

शिरपूरला फार्मसी करणाऱ्या भाचीचा मेसेज आला, मामा, अॅलानिस मॉरिसेटचा ‘जॅग्ड लिटल पिल’ ऐकायचाय पण अॅपवर शोधलं की दोन-तीन निघतात, गाणी तीच, क्रम तोच, मग लावू कुठला? तिला फोनवर सांगत बसलो आणि सांगणं काही संपेना, म्हणून इथे नीट लिहितो. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात मराठी मीडियमला शिकून नंतर इंग्लिश गाण्यांकडे वळलेले खूप जण आहेत आणि त्यांच्यासाठी हा चॉइस खरंच महत्त्वाचाय, कारण चुकीच्या बाजूने सुरुवात केली तर दोन गाण्यांत कंटाळून बंद कराल आणि हा अल्बम अर्धवट सोडण्यासारखा नाहीये.

पहिला आला १३ जून १९९५ला. कॅनडातल्या ओटावाची पोरगी, तिकडे कमी वयातच डान्स-पॉपचे दोन अल्बम करून झालेले, ती लॉस एंजेलिसला येते, ग्लेन बॅलार्ड नावाच्या प्रोड्यूसरसोबत त्याच्या घरच्या स्टुडिओत बसते आणि दोघांचा प्रयत्न असा की रोज एक गाणं लिहायचं आणि त्याच दिवशी रेकॉर्ड करून टाकायचं. त्यातले कितीतरी आवाज पहिल्या-दुसऱ्या टेकचेच आहेत, नंतर वर गिटार-ड्रम्स चढले पण आवाज तोच राहू दिला. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे. अल्बम आला तेव्हा ती नुकतीच २१ची झालेली. मॅडोनाच्या मॅव्हरिक कंपनीने तो काढला, जगभरात ३ कोटींहून जास्त खपला आणि १९९६च्या ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयर ठरला.

दुसरा, म्हणजे साध्या वाद्यांवर परत गायलेला अकूस्टिक, बरोबर १० वर्षांनी, १३ जून २००५ला. तीच १२ गाणी, तोच क्रम, तोच ग्लेन बॅलार्ड, फक्त इलेक्ट्रिक गिटारचा मारा काढून टाकलाय आणि गायला बसलीये ती ३१ वर्षांची बाई. अमेरिकेत हा आधी काही आठवडे फक्त स्टारबक्सच्या कॉफीच्या दुकानांत मिळायचा, त्यामुळे बऱ्याच लोकांनी तेव्हाच याला कॉफी पिताना मागे वाजायचं म्युझिक ठरवून टाकलं, ते मला अजिबात पटत नाही.

मला स्वतःला फरक असा वाटतो: १९९५चा अल्बम शब्द नाही कळले तरी कळतो, आणि २००५चा शब्द कळले तरच कळतो. पहिल्यात आवाज फाटतो, श्वास अपुरा पडतो, एखादा शब्द चुकीच्या जागी ताणला जातो, आणि पोरगी चिडलीये की रडायला आलीये हे इंग्लिश येत नसलं तरी पोचतं. दुसऱ्यात आवाज सावरलेला आहे, शब्द एकेक करून समोर ठेवलेत, पण त्यांचा अर्थ माहीत नसेल तर सगळी गाणी एकाच चालीची वाटायला लागतात, मधली तीन-चार तर नक्कीच.

आता गाण्यागणिक बघू, सगळ्यांना सारखा वेळ देणार नाहीये.

सुरुवात ‘ऑल आय रिअली वाँट’. मूळ अल्बममध्ये माउथ ऑर्गन कानाला घासत येतो, तो ती स्वतः वाजवते, मग ती धाप लागल्यासारखं बोलत सुटते. मधे एका ठिकाणी ती शांततेबद्दल विचारते, हे झेपेल का तुला, आणि सगळं वाद्य थांबतं, खरंच काहीच वाजत नाही, आणि लगेच विचारते की एवढ्यात तुझ्या डोक्यात बिलं आली का, जुनं माणूस आलं का. पहिल्यांदा ऐकताना मोबाइल हँग झाला वाटतं. ही जागा मूळमध्येच ऐका, कारण आधी एवढा गोंगाट झालेला असतो म्हणून ती शांतता लागते. अकूस्टिकमध्ये आधीच सगळं निवांत चाललेलं असतं, थांबलं काय न थांबलं काय. इथे १९९५ सरळ सरळ जिंकतो.

‘यू ऑटा नो’. या एका गाण्यासाठी लोक अल्बम घेतात. सोडून गेलेल्या माणसाला ती तोंडावर विचारतेय. सुरुवात अगदी दबक्या आवाजात, जवळ येऊन कानात बोलल्यासारखी, मग बेस गिटार घुसते, ती रेड हॉट चिली पेपर्स या रॉक बँडच्या फ्लीने वाजवलीये आणि गिटार डेव्ह नवारोची. हेडफोन लावून एकदा फक्त बेसकडे लक्ष द्या, तो तिच्या मागे मागे न जाता तिच्याशी भांडतो आणि त्यानेच कोरसला एवढी धार येते. घरात स्पीकरवर लावणार असाल तर आधीच सांगतो, गाण्यात शिवी आहे. अकूस्टिकमध्ये हेच गाणं संथ केलंय, आवाज चढतो पण फाटत नाही, आणि इथे मी लोकांशी भांडायला तयार आहे, कारण बरेच जण म्हणतात की राग गेला म्हणजे गाणं मेलं. नाही ना भो. ज्याच्यावर १० वर्षांपूर्वी ओरडलो होतो त्याच्याबद्दल आज शांतपणे बोलता येतं आणि तरी एखाद्या शब्दावर घसा दाटतो, हे ज्याने अनुभवलंय त्याला दुसरं व्हर्जन जास्त लागेल. आणि हे काही २००५मध्ये अचानक सुचलेलं नाही, १९९६च्या ग्रॅमीच्या स्टेजवरच तिने हे गाणं व्हायोलिनच्या साथीने हळू करून गायलं होतं, म्हणजे गाण्यात ती जागा आधीपासून होती.

‘परफेक्ट’वर थांबायलाच हवं. आई-बापाच्या तोंडून मुलाला म्हटलेलं गाणं आहे, पहिला ये, आम्हाला मान खाली घालायला लावू नकोस, तू बरोबर वागलास तरच आमचा लाडका. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी नीट-जेईईच्या क्लासची फी भरणारी जी घरं आहेत, जळगावात गल्लोगल्ली आहेत, त्यांतल्या कुठल्याही पोराला हे गाणं डिक्शनरीशिवाय कळेल. मूळमध्ये ती पालकांची नक्कल करतेय, आवाज गोड ठेवून, आणि शेवटाकडे ती नक्कल तिच्याच्याने धरवत नाही, ओरडण्यात जाते. २००५मध्ये शब्द तेच, पण आता तो आवाज खरोखर एखाद्या आईचा वाटतो, प्रेम करणारी आणि तरी दाब टाकणारी आई, आणि ते जास्त भीतीदायक आहे कारण तिला आपण काय करतोय ते दिसतच नाहीये. माझं मत, हे गाणं दुसऱ्या अल्बममध्ये जास्त मोठं झालंय. हो, मूळपेक्षाही.

‘हँड इन माय पॉकेट’ मूळमध्ये ड्रम मशीनवर चालतं, एकसारखं ठक-ठक, आणि त्यावर ती सांगत जाते की पैसा नाही पण मजेत आहे, वगैरे. त्या मशीनच्या एकसुरीपणामुळेच तिचा मोकळेपणा उठून दिसतो. अकूस्टिक ऐकायला छान आहे, बस. ‘राइट थ्रू यू’ सगळ्यात छोटं, तीन मिनिटंसुद्धा नाही, म्युझिक कंपनीतल्या एका बड्या माणसाने तिला कसं वागवलं त्याचा हिशोब, मूळच ऐका, हिशोब गरम असतानाच मांडलेला बरा.

‘फरगिव्हन’ पाच मिनिटांचं आहे आणि इथे १९९५ थोडा ओव्हर होतो असं मला वाटतं. कॅथलिक घरात वाढलेल्या मुलीचा अपराधीपणा, प्रार्थना, गप्प बसणं, विषय फार नाजूक आणि कोरसमध्ये गिटार एवढ्या चढतात की शब्द बुडतात. अकूस्टिकमध्ये पहिल्यांदा नीट ऐकू आलं की ती देवावर नाही चिडलेली, तिला शिकवणाऱ्यांवर चिडलीये. ज्यांना अल्बमचा मधला भाग जड जातो त्यांनी हे एक गाणं तरी दुसऱ्यातून ऐकावं.

‘यू लर्न’, अल्बमचं नाव याच गाण्यातल्या ओळीतून आलंय. प्रेम कर, शिक, हर, शिक, रड, शिक, असं सांगत जाणारं. २१ वर्षांच्या पोरीने हे सांगणं आणि ३१ वर्षांच्या बाईने सांगणं यात फरक पडायलाच हवा होता, पण गंमत म्हणजे मला मूळचंच जास्त पटतं, कारण ती दुसऱ्याला उपदेश न करता स्वतःलाच धीर देतेय असं वाटतं. ‘हेड ओव्हर फीट’मध्ये ती पहिल्यांदाच खूश आहे, चांगल्या वागणाऱ्या मित्राच्या प्रेमात पडलीये आणि त्याला थँक्यू म्हणतेय. माउथ ऑर्गन इथेही तिचाच. दोन्हीकडे गोड, टॉस करा.

‘मेरी जेन’ दोन्हीकडे हळूच आहे, स्वतःला झिजवत चाललेल्या मैत्रिणीला ती विचारतेय की कशी आहेस. इथे वाद्यांचा फरक फार नाही, फरक वयाचा आहे. मूळमध्ये ती शेवटाकडे आवाज वर नेते तेव्हा मैत्रीण हातातून सुटतेय या भीतीने तो थरथरतो. ते परत करता येत नाही आणि २००५मध्ये तिने ते केलेलंही नाही. दोन्ही पाठोपाठ लावून बघा, ही एकच जोडी ऐकलीत तरी तुमची निवड तुम्हाला कळेल.

‘आयरॉनिक’ बहुतेकांनी ऐकलेलं असतं. अकूस्टिकमध्ये एक ओळ बदललीये, स्वप्नातला पुरुष भेटतो आणि मग त्याची सुंदर बायको भेटते, तिथे आता त्याचा नवरा भेटतो. ‘नॉट द डॉक्टर’ आणि ‘वेक अप’बद्दल जास्त लिहित नाही, पहिल्यात ती जोडीदाराची नर्स व्हायला नकार देतेय आणि तो नकार मूळमध्ये जास्त ठसठशीत आहे. दुसऱ्याने मात्र अकूस्टिक अल्बम संपतो तो चांगला संपतो.

आता ज्याबद्दल कोणी सांगत नाही ते, ऐकायचं कुठे आणि कसं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो, घरात दिवसभर कूलर धडधडत असतो, त्या आवाजात अकूस्टिक अल्बम ऐकण्यात काही अर्थ नाही, तिचे श्वास, तारेवर बोट सरकल्याचा आवाज, सगळं कूलर खाऊन टाकतो आणि मग तुम्ही म्हणाल अल्बम बोर आहे. तो पहाटे ऐका किंवा रात्री गच्चीवर, हेडफोन लावून. मूळ अल्बम कुठेही चालतो. जळगावहून धुळ्याला एसटीने निघालात तर पाळधी, एरंडोल करत पारोळ्याच्या आसपास संपतो, साधारण ५७ मिनिटांचा आहे, खिडक्या वाजल्या तरी फरक पडत नाही. फोनच्या स्पीकरवर दोन्ही ऐकू नका, बेस गेला की ‘यू ऑटा नो’ अर्धं होतं.

आणि मूळ अल्बमचा तेरावा ट्रॅक. तो ‘यू ऑटा नो’चाच दुसरा मिक्स आहे म्हणून लोक आधीच बंद करतात, करू नका. तो संपल्यावर थोडी शांतता जाते आणि मग ‘युअर हाउस’ नावाचं लपवलेलं गाणं येतं, एकही वाद्य नाही, नुसता तिचा आवाज. प्रियकराच्या घरी तो नसताना ती शिरलीये, त्याचे कपडे घालून बघतेय आणि तिला नको ती चिठ्ठी सापडते. आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाला रात्री सगळ्या बायका दमून गप्प झाल्यावर एखादी मावशी एकटीच गाणं उचलते आणि घरातले सगळे हातातलं काम थांबवतात, तसं हे गाणं थांबवतं. ज्याला मूळ अल्बम नुसता आरडाओरडा वाटतो त्याने आधी हे ऐकावं, मग ठरवावं.

तर कोणी काय घ्यायचं. इंग्लिश कानावर बसलेलं नसेल, रॉक कधी ऐकलं नसेल, तरी माझं म्हणणं मूळच आधी, पूर्ण, क्रमाने, लिरिक्स न बघता. उलट वाटतं ना? पण नवख्या माणसाला शब्दांच्या आधी आवाज भेटला पाहिजे, शब्द नंतर गुगल करून मिळतात. दुसऱ्या वेळी लिरिक्स उघडून अकूस्टिक लावा, तेव्हा तो डबल कळेल. अपवाद दोनच. मोठ्या गिटारने ज्यांचं डोकं दुखतं त्यांनी अकूस्टिकमधली ‘परफेक्ट’, ‘फरगिव्हन’ आणि ‘मेरी जेन’ ही तीन ऐकून मग मूळकडे यावं. आणि ज्यांनी ९०च्या दशकात कॅसेटवर मूळ पाठ केलाय त्यांनी सरळ २००५चा घ्यावा, तुमचंही वय तेवढं वाढलंय आणि अल्बमला ते माहितीये.

अॅपवर शोधताना एवढं बघा: ‘अकूस्टिक’ टाकलं की २०२०च्या २५ वर्षांच्या एडिशनमधलं लंडनचं लाइव्ह रेकॉर्डिंगही येतं, ते वेगळं, टाळ्या ऐकू आल्या तर समजा चुकीचं लागलंय. २०१५च्या एडिशनमध्ये डेमो गाणी भरपूर आहेत, ती पहिल्या दिवशी नकोत. आणि दोन्ही आवडलेच तर तिसरा म्हणून तिचा १९९९चा लाइव्ह अल्बम एमटीव्ही अनप्लग्ड घ्या, त्यात यातली चारच गाणी आहेत पण ती बरोब्बर या दोन अल्बमच्या मधल्या वयातली आहेत, राग उतरत आलाय आणि सवय अजून झालेली नाही.