खाली न उतरणारा स्ट्रोब

चारशे वॉट-सेकंदचा (हे झटक्याच्या ताकदीचं माप), भिंतीतल्या प्लगवर चालणारा स्टुडिओ स्ट्रोब, म्हणजे फोटोसाठीचा मोठा फ्लॅश. दोन वर्षं झाली माझ्याकडे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण चूक तिच्याइतकीच माझीही आहे. घेताना मी एकच आकडा बघितला, ४००. जास्त पॉवर म्हणजे चांगला लाइट, एवढीच तेव्हा अक्कल. तो किती खाली उतरतो हे विचारायचं सुचलंच नाही. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात ते छापलेलं होतं: १/१ ते १/३२, म्हणजे पूर्ण पॉवर ते तिचा बत्तिसावा हिस्सा.

१/३२ ऐकायला अगदी चिमूटभर वाटतं. प्रत्यक्षात ते पाच स्टॉप झाले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे तळालासुद्धा साडेबारा वॉट-सेकंद शिल्लक राहतात. माझी खोली लहान. ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) चेहऱ्यापासून मीटरभर अंतरावर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, पॉवर तळाला. फ्लॅश मीटर हनुवटीखाली धरला की आकडा येतो एफ ५.६. मला हवा असतो एफ २. एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं तोंड जास्त उघडं; लाइट जास्त असला की आकडा मोठा ठेवावा लागतो.

आता हा हट्ट कशासाठी, ते सांगतो. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ मिलिमीटरची लेन्स, माणूस दोन मीटरवर. एफ ५.६ ला साधारण १८-१९ सेंटिमीटर खोलीपर्यंत सगळं धारदार येतं. नाकाच्या शेंड्यापासून कानामागच्या केसांपर्यंत. एफ २ ला तेच साडेसहा सेंटिमीटर उरतं. डोळे आणि ओठ नीट, कानापाशी सगळं विरघळायला लागलेलं. शिवाय माझा कापडी पडदा माणसाच्या मागे जेमतेम मीटरभर अंतरावर लागतो. ५.६ ला त्याच्यावरची प्रत्येक घडी मोजता येते. प्रॉडक्टचे फोटो काढणाऱ्याला हा स्ट्रोब आवडेल, त्याला एफ ११ हवंच असतं. पोर्ट्रेटवाल्याची मात्र पंचाईत.

पहिल्या आठवड्यात मी जे जे करू नये ते सगळं केलं. शटरचा वेग वाढवून बघितलं. १/१०० ला आणि १/२०० ला फोटो सारखाच उजळ, कारण फ्लॅशचा झटका शटरच्या त्या वेळेपेक्षा कितीतरी छोटा असतो. शटर कमी-जास्त केल्याने फक्त खोलीतला बाकीचा उजेड बदलतो. मग हट्टाने १/४०० केलं, तर फ्रेमच्या एका बाजूला काळा पट्टा. सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वात जलद शटरच्या) पुढे सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा नसतोच, अर्ध्यावर शटरचा पडदा आलेला असतो. हे पुस्तकात वाचलं होतं. काळा पट्टा बघितल्यावर कळलं.

मग लाइट मागे नेला. अंतर दुप्पट केलं की दोन स्टॉप उजेड कमी होतो, हे खरं. खोलीच्या भिंतीला स्टँड टेकवून एफ २.८ मिळालंही. पण चेहऱ्याच्या दृष्टीने सॉफ्टबॉक्स अर्ध्या आकाराचा झाला ना! गालावरची सावली कडक झाली, कपाळ चमकायला लागलं, आणि चेहऱ्याच्या तुलनेत मागच्या पडद्यावर आधीपेक्षा जास्त उजेड पडायला लागला. मऊ उजेडासाठी सॉफ्टबॉक्स घ्यायचा आणि तो लांब ढकलायचा, म्हणजे उशी घेऊन ती पायाशी ठेवून झोपण्यासारखं. आयएसओ ५० चा पर्याय कॅमेऱ्यात होता, त्याने एक स्टॉप मिळाला आणि पांढऱ्या शर्टातला तपशील गेला. तो नाद लगेच सोडला.

शेवटी दोन वस्तू आणल्या. या स्ट्रोबचा रिव्ह्यू त्यांच्याशिवाय पुरा होत नाही, कारण त्यांच्याशिवाय हा स्ट्रोब माझ्या कामाचाच नाही.

पहिली, लेन्सवर फिरवून बसणारा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कापणारी करडी काच. ५.६ वरून ४, २.८, २. हिशेब बरोबर बसला. व्हेरिएबल एनडी (रिंग फिरवून गडद-फिकट होणारा) घेऊ नका. गडद टोकाला गेलं की फ्रेमवर फुलीसारखा डाग येतो, आणि स्टुडिओत उजेड आपल्याच हातात असताना फिरवायची रिंग हवीये कशाला? माझा फिल्टर किंचित हिरवट आहे. ग्रे कार्ड धरून व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) घेतला की प्रश्न मिटतो. खरी कटकट फोकसची. तीन स्टॉप म्हणजे लेन्समध्ये आठवा हिस्सा उजेड. माझ्या जुन्या डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर अंधारी कोठडी झाला आणि ऑटोफोकस पुढेमागे, पुढेमागे चाचपडत बसला. मॉडेलिंग लॅम्प (स्ट्रोबमधला सतत जळणारा दिवा) पूर्ण मोठा केला तेव्हा कुठे पकड आली. मिररलेसवर (आरशाऐवजी स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर) गेल्यावर सोपं झालं, पण तिथे फोटो किती उजळ येईल ते आधीच दाखवणारा एक्सपोजर प्रिव्ह्यू आठवणीने बंद करावा लागतो. नाहीतर स्क्रीन काळी ठिक्कर. पहिल्या दिवशी मी लेन्सची टोपी काढायची राहिली की काय म्हणून दोनदा तपासलं.

मॉडेलिंग लॅम्प मोठा करण्याचा एक फायदाही झाला. समोर उजेड असला की बाहुल्या बारीक होतात आणि डोळ्याचा रंग दिसतो. अंधाऱ्या खोलीत काढलेल्या माझ्या जुन्या पोर्ट्रेटमध्ये सगळ्यांचे डोळे नुसते काळे आहेत.

दुसरी वस्तू म्हणजे एनडी जेल, करड्या प्लॅस्टिकचा पातळ कागद. तो लेन्सवर लावायचा नसतो, लाइटवर लावायचा. दोन स्टॉपचा तुकडा सॉफ्टबॉक्सच्या आत, ट्यूबपासून थोडा लांब, क्लिपांनी टांगतो. व्ह्यूफाइंडर उजळ राहतो, फोकस पटकन लागतो. पण फरक लक्षात घ्या. लेन्सवरचा फिल्टर फ्लॅश आणि खोलीतला उजेड दोन्ही सारखेच कापतो. जेल फक्त स्ट्रोब कापतं. एफ २.८ ला लेन्स उघडी आणि खिडकी अर्धी उघडी, तर खिडकीचा उजेडही फोटोत येऊन बसतो. एकदा एका गालावर निळसर छटा आली, मी तासभर स्ट्रोबला दोष देत होतो. खिडकी होती. आणि हॅलोजन मॉडेलिंग लॅम्प असेल तर तो बंदच ठेवा किंवा अगदी मंद. माझा पहिला तुकडा मध्यभागी सुरकुतून आक्रसला, पापडासारखा.

हे सगळं जमल्यावर पहिलं मनासारखं पोर्ट्रेट काढलं आत्याचं. तिला दीड मीटरवर बसवलं, एनडी लावला, एफ २. दीड मीटरला धारदार जागा पावणेचार सेंटिमीटर, म्हणजे फोकसच्या पुढे-मागे दोन-दोन सेंटिमीटरही नाही. आत्याला चष्मा. दहा फ्रेम झाल्या, मागच्या स्क्रीनवर मस्त दिसत होत्या. मोठ्या केल्या तर चष्म्याच्या काडीजवळचा बारीक स्क्रू लख्ख आणि त्याच्या मागचा डोळा साय धरल्यासारखा.

“आत्या, जरा हलू नकोस गं.”

“मी कुठे हलतेय? तुझं ते यंत्रच घुर्र घुर्र करतंय.”

यंत्राबद्दल तिचं बरोबर होतं. पंख्याचा आवाज आहेच, व्हिडिओला हा लाइट जवळ ठेवूच नका. पण ती हलतही होती. बोलताना माणूस दोन सेंटिमीटर पुढे येतोच, त्याला कळतही नाही. तिला पाठ खुर्चीला टेकवायला सांगितली, फोकस पॉइंट हाताने जवळच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर ठेवला आणि प्रत्येक फ्रेमच्या आधी पुन्हा फोकस घेतला. तरी बारातल्या चारच लागल्या. मग एफ २.८ ला आलो. जागा पाच सेंटिमीटरच्या थोडी वर गेली आणि जवळजवळ सगळ्या लागायला लागल्या. पडद्याच्या घड्या तिथेही बऱ्यापैकी गायब. आता चष्मा असला की मी २.८ च्या खाली जात नाही. दोन स्टॉपचं जेल मग पुरतं, फिल्टर डबीत राहतो.

स्ट्रोबच्या बाकीच्या गोष्टी झटपट. पॉवर कमी केली की आतल्या कपॅसिटरमधला जुना चार्ज हा आपणहून सोडत नाही. टेस्ट बटण दाबून एक झटका मारावा लागतो, नाहीतर पुढची फ्रेम भडक येते. सवय होते, पण घाईत विसरायला होतं. तळाच्या पॉवरला रंग थोडा पिवळट आणि फ्रेमागणिक उजेड जरासा वरखाली. म्हणून मी हल्ली १/१६ वर ठेवतो आणि कापायचं काम जेलवर सोपवतो, एकाऐवजी दोन कागद. बांधणी दणकट आहे. स्टँडसकट एकदा आडवा झाला, ट्यूबला काही झालं नाही. रिसायकल (पुढच्या झटक्यासाठी पुन्हा चार्ज होणं) तळाला इतका पटकन होतो की वाट बघावी लागत नाही.

मित्राचा बॅटरीवाला स्ट्रोब महिनाभर वापरून बघितला. तो १/२५६ पर्यंत उतरतो, म्हणजे आठ स्टॉप. तळाला, त्याच सॉफ्टबॉक्समध्ये, कुठलाही फिल्टर न लावता मला हवं ते मिळालं. त्यात हाय स्पीड सिंकही आहे. शटर चालू असेपर्यंत तो एक झटका न देता भराभर बारीक झटके देत राहतो. त्यामुळे तिथे शटर वाढवलं की फ्लॅशचा उजेडही उतरतो. १/२०० वरून १/१६०० म्हणजे पुन्हा तेच तीन स्टॉप. बाहेर उन्हात ही सोय सोन्यासारखी. बंद खोलीत मला तिची गरज वाटली नाही, आणि सलग फ्रेम काढल्या की डबा तापून थांबायचा.

माझा विकू का? विचार केला होता. पण चार माणसं एकत्र बसवली की मला एफ ८ लागतं, सॉफ्टबॉक्स पार भिंतीपर्यंत मागे जातो, आणि तिथे हाच चारशेवाला कामाला येतो. त्यामुळे तो राहिला. फक्त त्याच्या पाठीवर डायलशेजारी मी चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलंय: “तळ = ५.६. दोन जेल, खिडकी बंद.”