तिसरा महातारा घ्यावा की जुळलेला संघ राखावा? एनबीएतील संघबांधणीच्या दोन वाटा

जूनमध्ये एनबीए या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगची अंतिम मालिका आटोपली की जिंकण्याच्या जवळ येऊन थांबलेल्या प्रत्येक संघाच्या व्यवस्थापनापुढे तोच पेच उभा राहतो. हाताशी असलेला पैसा आणखी एका महाताऱ्यावर लावावा, की तो चार-पाच उपयुक्त खेळाडूंत वाटून एकमेकांचा खेळ ओळखणारा संघ राखावा? दोन्ही वाटांनी विजेतेपदे मिळाली आहेत आणि दोन्ही वाटांवर मोठमोठे संघ तोंडघशीही पडले आहेत.

या पेचाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 2004 ची अंतिम मालिका. लॉस एंजेलिस लेकर्सकडे शकील ओनील आणि कोबी ब्रायंट होतेच. त्यांच्या जोडीला कार्ल मलोन आणि गॅरी पेटन हे दोन दिग्गज विजेतेपदाच्या ओढीने बऱ्याच कमी पगारावर आले होते. समोरच्या डेट्रॉइट पिस्टन्सचा आधार असलेला चॉन्सी बिलप्स अनेक संघांत फिरून तेथे पोचला होता, तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, कोणीही न निवडलेला बेन वॉलेस अदलाबदलीत आला होता. मालिका डेट्रॉइटने 4-1 अशी जिंकली. तिच्या चौथ्या सामन्यात ओनीलने 21 प्रयत्नांपैकी 16 यशस्वी करून 36 गुण आणि 20 रीबाउंड (हुकलेल्या नेमानंतर हस्तगत केलेले चेंडू) मिळवले. त्याच सामन्यात कोबीने मात्र 25 वेळा बास्केटचा वेध घेतला आणि त्यांतले आठच प्रयत्न साधले. लेकर्स 88-80 असे हरले. ज्याचा नेम लागत होता त्याच्यापेक्षा ज्याचा लागत नव्हता त्याने चार प्रयत्न अधिक करावेत, यातच त्या संघाची सारी कहाणी आली. अर्थात मलोनचा गुडघा दुखावलेला होता आणि बेन वॉलेस सर्वोत्तम बचावपटूचा किताब दोनदा मिळवून बसलेला होता. त्यामुळे ‘सामान्यांनी असामान्यांना हरवले’ ही लाडकी मांडणी जराशी फसवीच आहे.

महाताऱ्यांची वाट सरसकट वाईट नाही, हे बोस्टन सेल्टिक्सने दाखवून दिले. 2006-07 मध्ये जेमतेम 24 सामने जिंकलेल्या या संघाने पॉल पिअर्सच्या साथीला केव्हिन गार्नेट आणि रे ॲलन यांना आणले आणि पुढच्याच हंगामात 66 विजयांसह विजेतेपद जिंकले. याउलट ब्रुकलिन नेट्सने जानेवारी 2021 मध्ये केव्हिन डुरंट आणि कायरी अर्विंग यांच्या जोडीला जेम्स हार्डनला आणले. नियमित हंगाम आणि त्यानंतरची बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ, धरून हे तिघे एकत्र अवघे 16 सामने खेळले, प्लेऑफची एकच फेरी जिंकले आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तिघेही संघ सोडून गेले होते. नेट्सच्या अपयशात दुखापतींचा आणि अर्विंगने कोविडची लस न घेतल्याचा वाटा मोठा होता. तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. बोस्टनमध्ये गार्नेट बचाव सांभाळत असे, ॲलन चेंडूविना पळून मोकळी जागा शोधत असे आणि अडचणीच्या क्षणी चेंडू पिअर्सकडे जात असे. तिघांची कामे वेगळी होती आणि तिघेही तिशीला पोचलेले, विजेतेपदाविना राहिलेले होते. ब्रुकलिनमध्ये तिघांचीही मुख्य ताकद एकच होती, ती म्हणजे चेंडू हाती घेऊन स्वतः गुण करणे.

म्हणून माझ्या मते ‘खेळाडूंत दोस्ती आहे का?’ यापेक्षा ‘चेंडूवरचा आपला वाटा कोण सोडणार?’ हा प्रश्न अधिक नेमका आहे. मायामी हीटमध्ये लेब्रॉन जेम्स आणि ड्वेन वेड यांच्यासोबत खेळताना तो वाटा क्रिस बॉशने सोडला. टोरंटोमधील शेवटच्या हंगामात सामन्यामागे 24 गुण करणारा बॉश मायामीत हळूहळू 16 गुणांच्या आसपास आला आणि बास्केटखालची जागा सोडून बाहेरून नेम धरायला शिकला. तरीही हे सारे बसायला वेळ लागलाच: पहिल्या हंगामाची सुरुवात 9 विजय आणि 8 पराभवांनी झाली, 2011 ची अंतिम मालिका डॅलसने हिसकावली आणि त्यानंतर कुठे 2012 व 2013 ची विजेतेपदे आली.

त्याच हीटला 2014 मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने 4-1 असे निष्प्रभ केले. त्या नियमित हंगामात स्पर्सचा एकही खेळाडू सामन्यामागे सरासरी 30 मिनिटे खेळला नव्हता. चेंडू हाती येताच अर्ध्या सेकंदात नेम धरायचा, पास द्यायचा किंवा बास्केटकडे मुसंडी मारायची, हा प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांचा आग्रह त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. हे रूप मोहक खरेच, पण त्याची किंमतही पाहावी: टिम डंकन, टोनी पार्कर आणि मनू जिनोबिली यांचा तो एकत्र बारावा हंगाम होता, आणि या साऱ्याचा पाया असलेला डंकन स्वतः 1997 च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता.

महातारा नसलेल्या जुळलेल्या संघाची मर्यादा अटलांटा हॉक्सने दाखवली. जानेवारी 2015 मध्ये त्यांनी सर्व 17 सामने जिंकले, महिन्याच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान सुरुवातीला मैदानात उतरणाऱ्या पाचही जणांना मिळून देण्यात आला आणि हंगामात 60 विजय झाले. मात्र पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत लेब्रॉनच्या क्लीव्हलँडने त्यांना 4-0 असे गुंडाळले.

पैशाचे गणितही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. दहा वर्षे खेळलेल्या खेळाडूचा कमाल करार सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाच्या एकूण पगाराच्या मूळ मर्यादेच्या, 35 टक्क्यांपासून सुरू होऊ शकतो, म्हणजे असे तिघे घेतले तर एकट्या त्यांचाच पगार कॅपच्या वर जातो. त्यातच लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील 2023 च्या करारानुसार पगाराची सर्वांत वरची मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून मोठा खेळाडू आणता येत नाही. डुरंट, डेव्हिन बुकर आणि ब्रॅडली बील यांना एकत्र आणणारा फिनिक्स सन्स याच कात्रीत सापडला आणि 2024-25 मध्ये 36 विजयांवर अडकून प्लेऑफलाही मुकला.

तेव्हा निर्णय घ्यायचाच असेल तर पहिल्या महाताऱ्याबाबत तडजोड करू नये आणि दुसरा घेताना त्याचे काम पहिल्यापेक्षा वेगळे आहे ना, हे पाहावे. तिसऱ्याचा पैसा शक्यतो सहाव्या ते नवव्या, म्हणजे बाकावरून उतरणाऱ्या, खेळाडूंवर लावावा. तरी तिसरा हवाच असेल, तर त्याच्या गुणांची सरासरी बाजूला ठेवून, अटीतटीच्या सामन्यांत शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू दुसऱ्याच्या हाती असताना तो काय करतो, हे चित्रफितींवर तपासावे. हाताशी पंचविशीच्या आतला महातारा असेल तर घाई करण्याचे कारण नाही. तोच पस्तिशीकडे झुकलेला असेल आणि करार दोन वर्षांत संपत असेल, तर मात्र सूर जुळण्याची वाट पाहत बसणे परवडणार नाही आणि बोस्टनसारखा धोका पत्करावाच लागेल.