आधी हॅरी पॉटर की नार्निया? खान्देशातल्या पालकांसाठी

दोन्ही मालिका सात-सात पुस्तकांच्या, दोन्हींत साधी शाळकरी पोरं जादूच्या जगात जातात. सुटीत पोरांना आधी कुठली घेऊन द्यावी, असं जळगाव-धुळ्याकडचं कुणी विचारलं, की मी एकच बघायला सांगतो: जादूचं जग रोजच्या जगाला कुठे आणि किती भिडतं.

हॅरी पॉटरमध्ये (१९९७ ते २००७) ते लोकांच्या डोळ्यांदेखत लपलेलं आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर नऊ आणि दहा नंबरच्या फलाटांमधल्या भिंतीतून पोरं सामानाची ट्रॉली ढकलत आरपार जातात, पलीकडे पावणेदहाचा फलाट. भुसावळ जंक्शनची गर्दी पाहिलेल्या पोराला हे लगेच पटतं. जादू मंत्रालय लंडनच्या जमिनीखाली, आत जायला मोडकळीला आलेला टेलिफोन बूथ. पाचव्या भागात तर डिमेंटर, म्हणजे माणसातला आनंद शोषून घेणारे भीषण जीव, थेट हॅरीच्या मावशीच्या गल्लीपर्यंत येतात, मावसभावावरही झडप घालतात. घरात जादूचा शब्द निघू न देणाऱ्या पेटुनिया मावशीच्याच तोंडून मग निघून जातं, की ते अझ्काबान या जादूगारांच्या तुरुंगाचे पहारेकरी. तिला सगळं ठाऊक होतं! दोन जगांची सरमिसळ इतकी नेमकी मला दुसरीकडे सापडलेली नाही.

नार्नियात (१९५० ते १९५६) जग ओलांडून जावं लागतं. महायुद्धात लंडनबाहेर पाठवलेली चार भावंडं कपाटातल्या कोटांआडून नार्नियाच्या बर्फात पोचतात, तिथे राजे-राण्या होऊन मोठी होतात आणि परततात तेव्हा इकडे क्षणही सरलेला नसतो. वर्षभराने पुन्हा जातात, तर तिकडे तेराशे वर्षं उलटलेली. ही काळाची गंमत फार सुंदर आहे, पण इंग्लंडला त्या जादूची झळ क्वचितच लागते.

नंदुरबारकडे सातपुड्यात दिवाळीला अस्तंब्याची यात्रा भरते. अश्वत्थामा जखमेसाठी तेल मागत या डोंगरांत फिरतो, असं लोक सांगतात. हे ऐकत वाढलेल्या पोराला जादू वाटेवरच भेटणारी असते, म्हणून माझा कौल हॅरी पॉटरला. तो मराठीतही आहे, पहिला भाग ‘हॅरी पॉटर आणि परीस’.

मात्र चौथ्या भागापासून पुस्तकं जाडजूड होतात, जिवलग माणसं मरतात. पोर आठ-नऊ वर्षांचं असेल तर नार्नियाच घ्या. पुस्तकं बारीक आहेत, रात्री वाचून दाखवायला सोयीची. फक्त सुरुवात कपाटाच्या गोष्टीपासून करा. हल्लीच्या संचांत जादूगाराच्या भाच्याचं पुस्तक (१९५५) पहिलं लावतात. त्यात चेटकीण लंडनमधल्या दिव्याच्या खांबाचा दांडा उपटते आणि तो नार्नियाच्या मातीत पडून उगवतो, चक्क पेटता खांब होऊन. कपाटाच्या गोष्टीत बर्फातला तो दिवा आधी पाहिलेला असला, तरच पोराला इथे टाळी वाजवावीशी वाटेल.