ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय: आधी स्विच बदलायचा की आधी गेज लावायचं?

मारुतीच्या जुन्या ओम्नी-ईको व्हॅनवाल्यांचा हा नेहमीचा पेच. गाडी चांगली तापली, सिग्नलला थांबली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. जरा रेस दिली की गायब. डिपस्टिकवर ऑइल बरोबर, ग्रेडही नेहमीचीच. मग दोन सल्ले मिळतात. एक म्हणजे प्रेशर स्विच बदलून टाका, बहुतेक तोच गेला असेल. दुसरा म्हणजे स्विच काढा, त्या जागी मेकॅनिकल गेज लावा आणि प्रेशर खरंच किती येतंय ते बघा. माझ्या कार्ब्युरेटरवाल्या ओम्नीवर दोन्ही करून झालंय, मेहुण्याच्या ईकोवर फक्त दुसरं.

एक आधीच सांगतो. दिवा चालत्या गाडीत सलग पेटून राहिला आणि खालून टकटक येत असेल, तर निवड करत बसू नका. किल्ली बंद करा आणि गाडी टो करून न्या.

स्विचच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. काहीशे रुपयांचा पार्ट, सीट उचलली की थोड्या वेळात काम होतं, आणि तो खरंच खराब होतोही. आतला पडदा वर्षानुवर्षं गरम ऑइल सोसून कडक होतो, चिरतो. मग मधल्या प्लास्टिकमधून ऑइल झिरपून तारेच्या टोकाशी येतं. ते टोक चिकट, ओलं दिसलं, तर मी तरी गेजच्या भानगडीत न पडता आधी स्विच बदलीन. दिवा थंड-गरम न बघता, खड्ड्यात गाडी आदळली की लुकलुकत असेल, तर संशय तारेवर घ्यावा. त्याची परीक्षा फुकटातली आहे. किल्ली ऑन, इंजिन बंद, दिवा पेटलेला. आता स्विचवरची तार काढा. दिवा विझायला हवा. विझला नाही तर तार कुठेतरी बॉडीला घासून अर्थ होतेय, आणि ना स्विचचा दोष ना इंजिनाचा. पावसाळ्यानंतर हे करून बघायला हरकत नाही. नवा स्विच बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढेच्या वेढे मारणारे मिस्त्री असतात, त्यांना थांबवा. या स्विचला अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळते. टेप जास्त झाली तर दिवा पेटणारच नाही, आणि आपण समजणार दुरुस्त झालं.

आता मला खटकलेली गोष्ट. स्विच बदलला, दिवा गेला, तर कळलं काय? काहीच नाही. प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार म्हणजे प्रेशरचं माप) खाली गेलं की हे स्विच दिवा पेटवतात, पण कुठला नेमका किती प्रेशरला पेटेल यात फरक असतो, आणि लोकल मालात जास्तच. जुना अर्ध्या बारला पेटत होता आणि नवा त्याच्या जरा खाली पेटतो असं झालं, तर इंजिन तेच, प्रेशर तेच, फक्त दिवा विझलेला. माझ्याकडे साधारण हेच झालं असावं. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये दुपारी स्विच टाकला, दिवा गेला, मिस्त्रींनी हात पुसले. संध्याकाळी घोडबंदर रोडला कासारवडवलीपासून गायमुखपर्यंत नेहमीची रांग. पहिला गिअर, दुसरा गिअर, परत न्यूट्रल, रेडिएटरचा पंखा थांबायचं नाव घेत नाही. आणि मी पुढच्या ट्रककडे बघायचं सोडून डॅशबोर्डकडे बघतोय. दिवा पेटत नाही याचा आनंद नाही, आता पेटेल का याचीच धाकधूक.

काही आठवड्यांनी तो परत लुकलुकला, पहिल्यापेक्षा मंद. गाडी गॅरेजला नेली, तर नंबर लागेपर्यंत इंजिन थंड, दिवा बंद. मिस्त्री म्हणाले, “भाऊ, हा लॉटच खराब असेल, दुसरा टाकून बघू.” खराब लॉट की झिजलेलं इंजिन, हे ना ते सांगू शकत होते, ना मी. दिवा नुसता पास-नापास सांगतो, मार्क सांगत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

गेजचं काम किचकट आहे, हे मान्य. स्विच काढून तिथे अ‍ॅडॅप्टर, त्यावर नळी, नळी सीटच्या कडेने बाहेर काढून गेज पुढे बांधायचं. ओम्नीचं इंजिन सीटखालीच असल्यामुळे नळी चांगली हवी आणि सायलेन्सरच्या पाइपाला लागता कामा नये. फुटली तर उकळतं ऑइल थेट पायावर. मग थंड असताना एकदा बघायचं, आणि गाडी खरोखर तापवून पुन्हा. पाणी लवकर तापतं, ऑइलला वेळ लागतो, म्हणून गॅरेजच्या दारात पाच मिनिटं चालू ठेवून घेतलेल्या आकड्याला मी फारशी किंमत देत नाही.

आमच्या ओम्नीचा काटा थंड असताना साडेतीन बारला होता. एक गरम चक्कर मारून आल्यावर स्लोला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, तो अर्ध्या बारच्या जेमतेम वर थरथरत राहिला. रेस वाढवली की मात्र अडीचपर्यंत सरळ चढला. जुन्या लोकांचा अंदाज असा की दर हजार आरपीएमला १० पीएसआय असावं, आणि १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. त्या हिशेबाने वरचं प्रेशर ठीक, खालचं कमी. सगळीकडेच कमी असतं तर ऑइल पंप, जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह किंवा चेंबरमधली (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी बघावी लागली असती. फक्त गरम स्लोला कमी म्हणजे एकतर बेअरिंग झिजलेली, नाहीतर ऑइल पातळ झालेलं.

मिस्त्रींनी डिपस्टिक काढून नाकाशी धरली आणि माझ्यापुढे केली. पेट्रोलचा भपका. कार्ब्युरेटरच्या ओम्नीत पेट्रोल पंप मेकॅनिकल असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल गुपचूप चेंबरमध्ये उतरतं. आमची गाडी थोडं ऑइल खाणारी, तरी पातळी खाली जात नव्हती, याचं घरात कौतुक चालू होतं! पेट्रोल पंप, ऑइल, फिल्टर बदललं आणि गरम स्लोचा काटा एक बारला येऊन थांबला. इंजिन उतरवायला लागलं नाही. आणखी दोन स्विच टाकले असते तरी हे कळलं असतं असं मला वाटत नाही.

मेहुण्याच्या ईकोचं उलट झालं. गेज लावलं तर गरम स्लोला काटा एकच्या बऱ्यापैकी वर, रेस दिल्यावर भरपूर. म्हणजे दोषी स्विचच. ओरिजिनल टाकला, विषय संपला. तुम्ही म्हणाल, मग थेट स्विचच बदलला असता तर? चाललं असतं, पैसेही वाचले असते. पण तो आता माजिवड्याच्या जाममध्ये निवांत गाणी ऐकत बसतो, हेही धरायला हवं.

तिसरी वाट म्हणजे २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाकून मोकळं होणं. दिवा विझतो, पण कारण तसंच राहतं, म्हणून तिला मी स्विचच्याच खात्यात धरतो. स्कॅनरचा सल्लाही मिळेल. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो लावणार कुठे? इंजेक्शनवाल्या जुन्या व्हॅनमध्येही या दिव्याची तार सहसा सरळ स्विचकडे जाते, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, त्याचा पत्ताच नसतो.

तेव्हा तारेचं टोक ओलं असेल किंवा गाडी विकायलाच काढली असेल, तर स्विच बदलून बघा, मी काही म्हणणार नाही. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्येच थांबलं. तिची १५ वर्षांनंतरची नोंदणी करून आणखी काही वर्षं ठेवायची असेल, तर माझा कल गेजकडे आहे.

नाक्यावरच्या मिस्त्रीकडे गेज असेलच असं नाही. विकत घेणार असाल तर आटे बघून घ्या. सुझुकीच्या स्विचचे आटे जपानी पद्धतीचे, १/८ इंची पीटी, इंचाला २८ आटे. बाजारातल्या बऱ्याच गेजसोबत येणारा अ‍ॅडॅप्टर एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचा असतो, इंचाला २७ आटे. पहिला वेढा बिनबोभाट जातो, मग अडकतो, आणि मिस्त्री पान्यावर जोर टाकतात. ब्लॉकमधले आटे गेले तर ते काम स्विच आणि गेज दोन्हींपेक्षा महाग पडतं. नुसत्या हाताने तीनेक वेढे सहज बसत नसतील, तर पाना लावू देऊ नका, अ‍ॅडॅप्टर बदलून आणा.