स्ट्रटच्या नळीत ऑइल घालायचं की कार्ट्रिज कोरडंच बसवायचं?

आधी हा प्रश्न तुमच्या गाडीला लागू होतो का ते बघा. मागचे साधे शॉकअप बदलताय किंवा पुढचा स्ट्रट (चाकाला धरणारा, शॉकअप पोटात असलेला खांब) अख्खा सीलबंद मिळतो, तर ऑइल घालायला जागाच नाही. स्ट्रटची जुनी नळी गाडीवर तशीच राहते, तिच्या तोंडाचा मोठा आट्यांचा नट उघडतो आणि आत नवं सीलबंद कार्ट्रिज, म्हणजे नळीत बसणारा तयार शॉकअप, सरकवायचं असतं, तिथेच हा निर्णय घ्यावा लागतो. बीएमडब्ल्यू ई३०, व्होल्वो २४०, डॅटसन २४०झेड यांच्या पुढच्या स्ट्रटची रचना अशी आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की ऑइल घातल्याने गाडी मऊ चालेल. तसं होत नाही. जुन्या 'ओल्या' स्ट्रटमध्ये नळी हाच शॉकअप असायचा आणि तिच्यातलं ऑइल धक्के जिरवायचं. कार्ट्रिज आपलं ऑइल आपल्या पोटात घेऊन येतं. त्यामुळे जुने भाग आणि जुनं ऑइल पूर्ण काढून नळी आतून स्वच्छ पुसायची. आपण बोलतोय ते नळी आणि कार्ट्रिज यांच्यामधल्या बारीक फटीबद्दल.

कोरडं बसवलं तर त्या फटीत हवा राहते, आणि हवा उष्णता फार वाईट वाहते. ऑइल तिच्या साधारण पाचपट वाहतं. खराब रस्त्यावर शॉकअप सतत काम करून तापतो, आतलं ऑइल पातळ होतं आणि पकड ढिली पडते. फट ऑइलने भरलेली असेल तर ती उष्णता नळीत आणि तिथून बाहेरच्या वाऱ्यात लवकर जाते. शहरात रोज दहा-पंधरा किलोमीटर चालवणाऱ्याला हा फरक जाणवेल असं मला वाटत नाही. घाटात किंवा कच्च्या रस्त्यावर भरधाव चालवणाऱ्यासाठी मात्र तो खरा आहे.

मी स्वतः ऑइल घालतो ते गंजासाठी. एकदा कोरडं बसवलेलं कार्ट्रिज काढायची वेळ आली. नट सुटला, पण कार्ट्रिज हलेना. फटीत पाणी शिरून दोन्ही पत्रे एकमेकांना धरून बसले होते. गंज सोडवायचं ऑइल, हातोडी, पुन्हा ऑइल, असा अख्खा दिवस गेला. ऑइल घातलेलं कार्ट्रिज हाताने वर ओढलं की निघतं.

कोरड्याच्या बाजूने एकच मुद्दा वजनदार आहे: सांडलवंड. ऑइल जास्त झालं तर ते नटापाशी पाझरतं, नवा शॉकअपच फुटला असं वाटतं, आणि खाली ब्रेकची डिस्क असते. हिशेब करून पाहा. नळीचा आतला व्यास ४६ मिमी, कार्ट्रिजचा बाहेरचा ४४ मिमी, उंची ३०० मिमी धरली तर फटीत जेमतेम ४२ मिली ऑइल मावतं. तापमान ८० अंशांनी वाढलं की ते प्रसरण पावून दीडेक सेंटीमीटर वर चढतं. म्हणून काठाखाली अडीच-तीन सेंटीमीटर मोकळे सोडायचे. थोडं ऑइल ओता, कार्ट्रिज हळूहळू तळापर्यंत बसवा, बाहेर काढा आणि ओली रेघ कुठवर आली ते बघा. डिपस्टिकसारखंच. कमी असेल तर चमचाभर वाढवा.

ऑइल कोणतं? साधं इंजिन ऑइल किंवा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल), काहीही चालतं. कूलंट उष्णता जास्त चांगली वाहतो, पण त्यात पाणी असतं आणि त्यातली गंजरोधक द्रव्यं काही वर्षांत संपतात. मी तो वापरणार नाही.

दोन ठिकाणी ऑइल नकोच. कार्ट्रिजसोबतच्या कागदावर 'कोरडं बसवा' असं लिहिलं असेल तर तसंच करा. आणि उलटं बसणारं कार्ट्रिज असेल, ज्याची बॉडीच नळीत वरखाली सरकते, तर तिथे कंपनीने सांगितलेलं ग्रीस लागतं.

ऑइल घाला अथवा नको, नट सांगितलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळा. कार्ट्रिज आत किंचितही हललं तर खडखड येणारच, ऑइल ती थांबवणार नाही. पहिल्या काही दिवसांत नटाभोवती ओल दिसली तर पुसून आठवड्याने पुन्हा बघा. कोरडं असेल तर ते नुसतं जादा ऑइल होतं. परत ओलं झालं तर नट उघडा आणि थोडं ऑइल कमी करा. तरीही पाझरत राहिलं, तर कार्ट्रिजचं सील तपासून घ्या.