टेक्सासचं सिक्स-मॅन फुटबॉल: नियमांना पाच तारे, वर्गवारीला तीन

१०४.९ हा आकडा पश्चिम टेक्सासच्या एखाद्या गावात पेट्रोल पंपावरचा माणूसही सांगेल. नववी ते बारावीचा पट एवढा किंवा याहून कमी असला की शाळा वन-ए गटात येते आणि सहा जणांचं फुटबॉल खेळून राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत जाऊ शकते. पट १०५ झाला की ती टू-ए, आणि तिथे अकरा जणांचा संघ उभा करावा लागतो. फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच अमेरिकन. हेल्मेट, खांद्याचे पॅड आणि अंडाकृती चेंडूवालं.

ही वर्गवारी ऑस्टिनची युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग, म्हणजे यूआयएल, करते. सहा गट, प्रत्येक गटाचे डिस्ट्रिक्ट (आपसात खेळणाऱ्या शाळांचे छोटे गट), कोण कोणाशी खेळणार याची दर दोन वर्षांनी नवी मांडणी, आणि सर्वांत लहान शाळांसाठी चक्क वेगळ्या नियमांचा खेळ, अशी ही एकूण सेवा आहे. फ्रिस्को, प्लेनो, केटी या भागांत राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांचा संबंध येतो तो फाइव्ह-ए आणि सिक्स-ए शाळांशी. २०२४-२६ च्या चक्रात सिक्स-एची सुरुवातच २,२७५ विद्यार्थ्यांपासून होती. तिथे संघात जागा मिळणं हीच लढाई. वन-एमध्ये उलटं: मुलगा धडधाकट असला की प्रशिक्षक त्याच्या घरी येऊन बसतात.

आधी खेळाबद्दल, कारण या सेवेतला सर्वांत चोख भाग तोच आहे. १९३४ मध्ये, मंदीच्या काळात, नेब्रास्कातल्या चेस्टर गावच्या स्टीफन एप्लर या शिक्षकाने हे नियम बसवले. अकरा मुलं जमत नाहीत म्हणून फुटबॉल बंद करावं लागू नये, एवढाच हेतू. पहिला सामना त्याच वर्षी सप्टेंबरात हेब्रनला झाला आणि १९-१९ असा बरोबरीत सुटला. टेक्सासने १९३८ मध्ये हा खेळ उचलला, आणि १९७२ पासून राज्य अजिंक्यपद सुरू झालं.

मैदान १०० ऐवजी ८० यार्ड लांब आणि ४० यार्ड रुंद. चार प्रयत्नांत १० नव्हे, १५ यार्ड पुढे जायचं. सहाच्या सहा जण पास घेऊ शकतात, अगदी चेंडू स्नॅप करणारा, म्हणजे चाल सुरू करताना तो मागच्या खेळाडूकडे देणारा सेंटरसुद्धा; अकरा जणांच्या खेळातून आलेला बचावपटू पहिल्या सामन्यात हमखास इथेच फसतो. पण नियमांचं खरं इंगित एकाच कलमात आहे: ज्याने स्नॅप घेतला त्याने चेंडू घेऊन, चाल जिथून सुरू झाली त्या रेषेपलीकडे पळायचं नाही. पळायचं तर आधी चेंडू दुसऱ्याकडे स्पष्टपणे गेला पाहिजे, हातात देऊन किंवा मागे फेकून. पुढे पास टाकायला मात्र त्याला पूर्ण मुभा.

हे कलम नसतं तर गावातल्या सर्वांत वेगवान पोराने दर वेळी चेंडू घेऊन पळायचं आणि बाकी पाचांनी बघायचं, एवढाच खेळ उरला असता. कलमामुळे प्रत्येक चालीत निदान दोन जणांचे हात लागतात, आणि कच्च्या संघाचं बिंगही तिथेच फुटतं. स्नॅप घेणारा घाईत असतो, त्याच्याकडून चेंडू घेणारा एक पाऊल आधीच पुढे निघालेला असतो, चेंडू त्याच्या पाठीमागे पडतो. अकरा जणांच्या खेळात अशा पडलेल्या चेंडूवर माणसांचा ढीग पडतो. इथे समोर मोकळं रान असतं. ज्याने उचलला तो थेट टचडाउनलाच थांबतो, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्या टोकाची रेषा ओलांडून सहा गुण कमावूनच. ऑगस्टच्या सरावात ही देवाणघेवाण जो संघ कंटाळा येईपर्यंत घोटतो, तो सप्टेंबरात दोन सामने फुकट जिंकतो.

टचडाउननंतरच्या गुणांचीही अदलाबदल आहे. लाथेने चेंडू खांबांमधून घालवला तर दोन गुण, पळून किंवा पास देऊन आत नेला तर एक. मैदानी गोल, म्हणजे टचडाउन न करता लाथेनेच खांबांमधून घातलेला चेंडू, तीनऐवजी चार गुणांचा. कारण सरळ आहे: किकरला आडोसा द्यायला समोर माणसंच कमी, त्यामुळे किक अडवली जाण्याची धास्ती जास्त. म्हणून आडवी दांडी एक फूट खाली, ९ फुटांवर, आणि दोन खांबांतलं अंतर २५ फूट ठेवलंय. तरीही भरवशाचा किकर बऱ्याच संघांना मिळत नाही.

आणि मग ४५ गुणांचा नियम. मध्यंतराला किंवा त्यानंतर कधीही आघाडी ४५ झाली की सामना तिथेच संपतो. आता हिशोब करा. किकर असलेल्या संघाचं प्रत्येक टचडाउन आठ गुणांचं, सहा टचडाउन म्हणजे ४८, खेळ खलास. किकर नसलेल्याला सहा टचडाउनचे ४२ च मिळतात. सातवं करावं लागतं, तोवर त्याचे तेच सहा जण धावत राहतात आणि कोणाचा तरी घोटा मुरगळतो. पुढच्या आठवड्यात त्या घोट्याची किंमत मोजावी लागते. या नियमाला कोणी दया म्हणतं, कोणी अपमान. बारा पोरांच्या संघासाठी तो विमा आहे. नियमांना पाचपैकी पाच तारे, यात घासाघीस नाही.

वर्गवारीकडे वळलं की तारे गळायला लागतात.

ऑक्टोबरच्या अखेरच्या एका ठराविक दिवशीचा पट धरला जातो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नवी मांडणी जाहीर होते, त्या सकाळी राज्यभरातले प्रशिक्षक हातातली कामं टाकून बसलेले असतात. ऑगस्टपासून दोन वर्षं तीच लागू. मोठ्या शाळेला याने फारसा फरक पडत नाही. लहान शाळेत काय होतं पाहा: ऑक्टोबर २०२३ मध्ये मोजलेल्या चार वर्गांपैकी २०२५ च्या हंगामात शाळेत उरतात फक्त दोन. म्हणजे दुसऱ्या वर्षी संघ ज्या पटावर तोलला गेला, त्यातली अर्धी मुलं पदवी घेऊन गेलेली असतात. त्यांच्या जागी आलेले वर्ग किती मोठे, याला विचारतो कोण? तेलाच्या पट्ट्यात तर भाव पडले की कुटुंबंच्या कुटुंबं उठून जातात आणि पट वर्षभरात बदलतो. मोठ्या शाळांसाठी दोन वर्षांचं चक्र ठीक आहे; वन-एला दरवर्षी निदान खालच्या-वरच्या टोकांची फेरतपासणी हवी.

दुसरी त्रुटी याहून मोठी. पटात मुली आणि मुलगे दोन्ही धरतात. हजारांच्या शाळेत हे प्रमाण आपोआप जुळतं. साठांच्या शाळेत नाही. एका शाळेत ३६ मुलगे नि २४ मुली, शेजारच्या शाळेत नेमकं उलटं. कागदावर दोन्ही सारख्या, मैदानावर एकीकडे दीडपट पोरं. नेब्रास्काने फुटबॉलची वर्गवारी फक्त मुलग्यांच्या संख्येवर करायला घेतली आहे, आणि लहान शाळांच्या बाबतीत ते सरळ सरळ जास्त न्याय्य आहे. टेक्सासने हे अजून का उचलू नये, याचं पटणारं कारण दिसत नाही.

तिसरी गोष्ट १०५ च्या कड्याची. १०६ पटाच्या शाळेत समजा ५२ मुलगे आहेत आणि त्यातले निम्मे खेळायला आले. २६ जणांत अकरांचा संघ बसतो खरा, पण त्यात चौदा वर्षांची नववीची पोरं धरलेली असतात. समोर टू-एमधली दीडशेच्या पटाची शाळा, तिच्या आघाडीच्या फळीत अठरा वर्षांचे बाप्ये. आपले बरेचसे खेळाडू आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे पूर्ण वेळ राबणार. तिसऱ्या सत्रापर्यंत पाय जड होतात, टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, कमरेऐवजी खांद्यावर येतो, दुखापती तिथून सुरू. अशा शाळेला सहा जणांचं खेळायला बंदी नाही, पण मग बाद फेरी विसरायची. उलट वन-ए शाळेची हौस असेल तर ती टू-एच्या धाकट्या विभागात जाऊन अकरा जणांचं खेळू शकते. वर जायला दार आहे, खाली यायला खिडकीसुद्धा नाही.

वन-एचे पुन्हा दोन विभाग आहेत, साठच्या आसपासच्या पटावर तोडलेले. ही तोड बरी आहे. मात्र धाकट्या विभागात पंचविसाच्या पटाची शाळा आणि पन्नाशी ओलांडलेली शाळा एकाच डिस्ट्रिक्टमध्ये येते, तेव्हा सामना बहुतेक वेळा मध्यंतरालाच आटोपतो.

तरी महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धा पाहिलेल्यांना ही सगळी तक्रार चैनीची वाटेल. आपल्याकडे १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट; शाळेचा पट कोणी विचारत नाही. साठ पोरांचं माध्यमिक विद्यालय तालुक्याला कबड्डीत दोन हजारांच्या शाळेसमोर उभं राहतं आणि पहिल्या फेरीत घरी येतं. यूआयएलच्या पद्धतीत खोट काढताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

डिस्ट्रिक्टच्या मांडणीत भूगोल आडवा येतो. पश्चिमेकडे सहा जणांच्या डिस्ट्रिक्टमध्ये काही वेळा तीन-चारच शाळा असतात, आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून दोन संघ बाद फेरीत जातात. एका विभागात सोळा डिस्ट्रिक्ट, म्हणजे ३२ संघ, अंतिम सामना धरून पाच फेऱ्या. तीन शाळांच्या डिस्ट्रिक्टमध्ये एक विजय बाद फेरीला पुरतो. पण दहा सामन्यांचा हंगाम भरायला बाकीचे आठ प्रतिस्पर्धी शाळेने स्वतः शोधायचे. त्यासाठी बस दोन-दोन तास धावते आणि पोरं मध्यरात्रीनंतर घरी पोचतात. डिस्ट्रिक्ट बदलून हवा असेल तर दोन्ही डिस्ट्रिक्टची एकमताने संमती लागते, नाहीतर अपील. प्रवासाला दोन तारे, तेही चालकांच्या पुण्याईवर.

आता एखाद्या लहान शाळेचा येता हंगाम कसा जाईल हे ओळखायचं कसं? गेल्या वर्षीचं जय-पराजयाचं खातं इथे जवळपास निरुपयोगी. सहा जणांच्या संघातून बारावीचे पाच जण गेले म्हणजे संघच गेला. आधी ऑगस्टच्या पहिल्या सरावाला किती पोरं आली ते बघा. पंधराच्या वर असतील तर सरावात सहा विरुद्ध सहा खेळता येतं आणि दोन-तीन दुखापती पचतात. नऊ-दहा असतील तर सराव धडका द्यायच्या गादीच्या ढालींवर आणि प्रशिक्षकांवरच होतो, ऑक्टोबरात एखादा सामना सोडून द्यावा लागतो. मग सेंटर आणि स्नॅप घेणारा ही जोडी टिकली आहे का ते विचारा. वेगवान धावपटूपेक्षा ही जोडी महत्त्वाची. मग किकर. शेवटी सातवी-आठवीचा पट, कारण पुढच्या मांडणीत शाळा कुठे बसेल ते त्यावरून आधीच कळतं.

गुणफलक वाचतानाही सावध राहा. ५२-६ चा निकाल मध्यंतराला लागला की चौथ्या सत्रात, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारात हरलेला संघ त्या वर्षी कोणालाच त्रास देणार नाही. दुसऱ्यात त्याने तीन सत्रं तग धरला आणि शेवटी माणसं संपली.

शिवाय एक संकट वर्गातून येतं. १९८४ च्या कायद्यापासून टेक्सासमध्ये ‘नापास तर खेळ नाही’ हा नियम आहे. एखाद्या विषयात ७० च्या खाली गेलं की किमान तीन आठवडे बाहेर. सिक्स-एमध्ये बीजगणितात ६९ मिळवणाऱ्याच्या जागी दुसरा उभा राहतो. वन-एमध्ये त्या ६९ ने अख्खा ऑक्टोबर बुडतो, म्हणून शिकवणी घेणारा प्रशिक्षक इथे नवलाचा नाही.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर डॅलस-फोर्ट वर्थकरांना गॉर्डन आणि स्ट्रॉन जवळ, आय-२० महामार्गाने फोर्ट वर्थच्या पश्चिमेला साधारण तासाभरावर. आय-३५ वर वेको आणि हिल्सबरोच्या मधे ॲबट आहे. ऑस्टिनकरांना रिचलंड स्प्रिंग्ज गाठायला दोन तासांहून जास्त लागतात, पण या खेळातलं ते मोठं घराणं. सामने बहुधा शुक्रवारी संध्याकाळी, कधी गुरुवारी; निघण्याआधी शाळेच्या पानावर वेळ तपासा. तिकीट कुठे फक्त ऑनलाइन, कुठे फक्त रोख. दोन्ही तयारी ठेवा. घडीची खुर्ची न्या. शाकाहाऱ्यांनी फ्रिटो पायच्या (मक्याच्या चिप्सवर ओतलेल्या चिली रश्श्याच्या) वाटेला जाऊ नये, त्यातल्या चिलीत बहुतेक ठिकाणी गोमांस असतं. नाचो, पॉपकॉर्न आणि लोणच्याच्या काकड्यांवर भागवावं. मध्यंतराला खांद्याचे पॅड न काढताच ट्रम्पेट घेऊन बँडमध्ये उभा राहिलेला खेळाडू दिसला तर चकित होऊ नका. शाळेत वाजवायलाही तेवढीच पोरं आहेत.

आणि सुरुवातीलाच पोचा. मोठ्या शहरातल्या सवयीने दुसऱ्या सत्रात उगवलात तर ४५ चा नियम तुमचे तिकिटाचे पैसे वीस मिनिटांत संपवेल. एक अव्वल आणि एक तळाचा असा सामना टाळा, डिस्ट्रिक्टमधले पहिले दोन संघ भिडतात तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा शुक्रवार गाठा. तेही जमलं नाही तर डिसेंबरात अर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियमवर राज्याचे अंतिम सामने असतात. सहा जणांचे दोन्ही बहुधा बुधवारी, सगळ्यांत आधी, त्यामुळे त्या दिवशी रजा टाकावी लागेल.