मायनर की ऑक्सफर्ड? परळीहून चढून बघितलं

मामांची मॉरिस मायनर १००० आणि त्यांच्या व्याह्यांची मॉरिस ऑक्सफर्ड, दोन्ही मी एकाच रविवारी परळी ते अंबाजोगाई चालवल्या. मायनरचं इंजिन ९४८ सीसीचं, चढाला गिअर उतरवल्याशिवाय गत नाही. पण स्टिअरिंग! हातात बैलाची वेसण धरल्यागत, जरा ओढलं की वळली. १९४८ साली आलेल्या या गाडीचा आराखडा करणाऱ्या ॲलेक इसिगोनिसनं तिचा पहिला नमुना ऐनवेळी मधून कापून चार इंचांनी रुंद करवला होता. बॉनेटच्या मधोमध असलेली सपाट पट्टी त्याचीच खूण. मामा त्यावर बोट फिरवून आल्यागेल्याला दाखवतात. मला तर तिसऱ्यांदा दाखवली.

ऑक्सफर्ड सीरिज तीन म्हणजे आपल्या अँबॅसडरची आईच. १४८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, मागं तीन माणसं अन् मांडीवर पोरं. चढ आरामात. वळणावर मात्र वऱ्हाड निघाल्यासारखी डुलत जाते.

ब्रेक दोन्हींचे ड्रमचे, पाय आधीच तयार ठेवायचा.

उतरल्यावर विचारलं, "मामा, मायनर देता का?"

"आधी चहा घे," म्हणाले.